समुपदेशकाचा वेळ कुणाच्या ताब्यात?

एखाद्या सरकारी माध्यमिक शाळेत समुपदेशनाची सोय आहे का, हे जाणून घ्यायचं असेल तर समुपदेशकाचं पद भरलेलं आहे का एवढंच विचारून भागत नाही. नववीतल्या एखाद्या मुलीला आज कुणाशी तरी बोलायचं आहे, तर तिला काय काय करावं लागेल, हे विचारायला हवं. चालू तासाच्या शिक्षकांकडे परवानगी मागताना सगळ्या वर्गासमोर कारण सांगावं लागेल का? ती ज्या खोलीकडे जाईल ती कार्यालयाला लागूनच आहे का, जिथे येणारा-जाणारा प्रत्येक जण ‘ही इथे कशाला?’ म्हणून वळून बघेल? दार उघडल्यावर आत समुपदेशक भेटतील, की ते गैरहजर शिक्षकाच्या वर्गावर बदली तास घ्यायला गेलेले असतील? आणि ती जे बोलेल ते मधल्या सुट्टीपर्यंत शिक्षकांच्या खोलीत पोचणार नाही, असं तिने कशाच्या भरवशावर मानायचं?

यांची उत्तरं मानसशास्त्राच्या पुस्तकांत सापडणार नाहीत. ती वेळापत्रकात असतात, खोल्यांच्या वाटपात असतात, फायलींच्या कपाटाची किल्ली कुणाकडे आहे यात असतात. सरकारी शाळांमधलं समुपदेशन फसतं तेव्हा समुपदेशकाचं शिक्षण किंवा आपुलकी कमी पडली, असं फार क्वचित घडतं. फसतं ते व्यवस्थापन. शाळा समुपदेशकाच्या वेळाकडे शिलकी वेळ म्हणून बघते, आणि ज्याच्या हाताला काम लागेल तो तो वेळ उचलून नेतो. हा वेळ राखणं हे मुख्याध्यापकांचं आणि शिक्षण खात्याचं काम आहे, आणि तेच सर्वांत कमी केलं जातं, असं माझं ठाम मत आहे.

मार्गदर्शनाचं हे काम शाळेत आलं त्याला शंभरहून जास्त वर्षं झाली. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात जेसी डेव्हिस नावाचे मुख्याध्यापक होते. १९०७ पासून त्यांनी आपल्या शाळेतल्या इंग्रजीच्या शिक्षकांना आठवड्यातून एक तास मुलांचा स्वभाव, वर्तन आणि पुढचा व्यवसाय यांवर बोलायला दिला. पुढच्याच वर्षी बोस्टनमध्ये फ्रँक पार्सन्स यांनी कामाच्या शोधातल्या तरुणांसाठी व्यवसाय मार्गदर्शन केंद्र उघडलं. यातला डेव्हिस यांचा मार्ग मला आजही महत्त्वाचा वाटतो. त्यांनी वेगळा माणूस नेमण्याआधी वेळापत्रकात जागा केली. तो तास सगळ्या मुलांसाठी होता, ‘बिघडलेल्यां’साठी नव्हता.

पुढे पद आलं आणि तासिका मागे पडली. १९५७ मध्ये सोव्हिएत संघाने स्पुटनिक हा उपग्रह सोडल्यावर अमेरिकेने १९५८ मध्ये राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा केला आणि शाळांतल्या चाचण्यांसाठी व समुपदेशकांच्या प्रशिक्षणासाठी मोठा निधी दिला. उद्देश होता हुशार मुलं हेरून त्यांना विज्ञान-गणिताकडे वळवण्याचा. समुपदेशकांची संख्या भराभर वाढली. पण नेमणूक झाल्यावर त्यांनी रोज नेमकं काय करायचं, हे शाळेगणिक वेगळं राहिलं. ज्याचं काम आखून दिलेलं नाही त्याला कुणीही काम सांगतं, तसं त्यांचं झालं. १९७० च्या दशकात मिसुरी विद्यापीठातले नॉर्मन गिस्बर्स यांनी मांडायला सुरुवात केली की मार्गदर्शन हे एका पदाचं काम मानू नका, त्याचा गणित-भाषेसारखा ठरावीक कार्यक्रम करा: कोणत्या इयत्तेला काय, किती तास, आणि वर्षाअखेरीस मुलांना काय यायला हवं. आज जगभर शाळा-समुपदेशनाचे जे आराखडे दिसतात त्यांतल्या बऱ्याचशांचं मूळ या विचारात आहे.

भारतात कोठारी आयोगानेही १९६४ ते १९६६ या काळात हेच सांगितलं होतं. मार्गदर्शन हा शिक्षणाचा अविभाज्य भाग आहे आणि ते सर्व विद्यार्थ्यांसाठी असावं, अशी आयोगाची भूमिका होती. प्रत्येक शाळेत पूर्णवेळ तज्ज्ञ देणं परवडणार नाही हे ओळखून दहा शाळांमागे एक फिरता समुपदेशक आणि त्याच्या मदतीला शिक्षक, अशी किमान योजनाही सुचवली होती. आणि संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतलं अठ्ठाविसावं कलम सांगतं की शैक्षणिक व व्यावसायिक माहिती आणि मार्गदर्शन सर्व मुलांना उपलब्ध झालं पाहिजे, त्यांच्या आवाक्यात असलं पाहिजे. म्हणजे तत्त्वाबद्दल वाद उरलेला नाही. अडतं ते पुढे, शाळेच्या दारातून आत आल्यावर.

वेळाचा हिशेब एकदा मांडून बघू. समजा शाळा वर्षाला २०० दिवस भरते आणि समुपदेशकाला रोज सहा तास मिळतात. झाले १२०० तास. अमेरिकन स्कूल कौन्सेलर असोसिएशन ही तिथली व्यावसायिक संघटना २५० विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक असावा असं सांगते, आणि त्याचा किमान ८० टक्के वेळ विद्यार्थ्यांसाठीच्या प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष कामाला जावा असंही सांगते. हे दोन्ही आदर्श पाळले तर एका मुलाच्या वाट्याला वर्षभरात ३ तास ५० मिनिटं येतात. शाळेत हजार मुलं आणि समुपदेशक एकच असेल तर हा वाटा जेमतेम ५८ मिनिटांवर येतो. त्यातून एकूण १२०० तासांतला निम्मा वेळ परीक्षांचं पर्यवेक्षण, बदली तास, शिष्यवृत्तीचे अर्ज, हजेरीचे तक्ते आणि कार्यक्रमांच्या तयारीत गेला, तर उरतात ३६ मिनिटं. एका मुलाला खरोखर गरज आहे म्हणून पन्नास मिनिटांच्या दहा बैठका द्यायच्या ठरवल्या, तर चौदा मुलांचा अख्ख्या वर्षाचा वाटा त्यात संपतो.

या आकड्यांवरून मला दोन गोष्टी दिसतात. पहिली, हजार मुलांना एकेक करून खोलीत बोलावून ही सेवा देता येणार नाही. काही भाग वर्गातच द्यावा लागेल. ताण कसा ओळखावा, मैत्रीत ‘नाही’ कसं म्हणावं, अभ्यासाची आखणी कशी करावी, विषय निवडताना काय बघावं, मदत कुणाकडे मागावी, या गोष्टी चाळीस मुलांशी एकाच तासात बोलता येतात. त्यामुळे खोलीतला वेळ ज्यांना तो हवाच आहे त्यांच्यासाठी उरतो. शिवाय वर्गात ज्याला चार वेळा ऐकलं आहे त्याच्या दारावर थाप मारायला मूल कमी घाबरतं. दुसरी गोष्ट अधिक टोचणारी आहे. समुपदेशकाकडून घेतलेला प्रत्येक बदली तास कुणाच्या तरी वाट्यातून कापलेला असतो, आणि ज्याच्या वाट्यातून कापला त्याला ते कधी कळतही नाही. गणिताचा तास बुडाला तर वर्ग ओरडतो, पालक विचारतात. समुपदेशनाचा तास बुडाला तर शाळेत काहीच आवाज होत नाही. म्हणूनच तो सगळ्यांत आधी बुडवला जातो.

त्याच अमेरिकन संघटनेने समुपदेशकाला कोणती कामं देऊ नयेत याची स्पष्ट यादी केली आहे. चाचण्यांचं संयोजन, गैरहजर शिक्षकांचे वर्ग सांभाळणं, शिक्षा देणं, नोंदी ठेवण्याची कारकुनी, हे सगळं त्यात आहे. अशी यादी करावी लागली यावरूनच दुखणं किती पसरलेलं आहे ते कळतं. प्रत्येक शिक्षण खात्याने अशी यादी लेखी काढावी आणि शाळेच्या तपासणीत ती तपासावी. मुख्याध्यापकांच्या चांगुलपणावर ही गोष्ट सोडता येत नाही. तो चांगुलपणा नसतो म्हणून नव्हे. दोन शिक्षक रजेवर, एक निवडणुकीच्या कामावर, आणि चौथा वर्ग गोंधळ घालतोय अशा सकाळी कोणताही मुख्याध्यापक रिकाम्या दिसणाऱ्या माणसाकडेच वळणार. त्याच्या हातात ‘हे मला करता येत नाही’ असं सांगणारा कागद असला पाहिजे.

नुसता कायदाही पुरत नाही, याचं आयर्लंड हे बोलकं उदाहरण आहे. तिथल्या १९९८ च्या शिक्षण कायद्यानुसार विद्यार्थ्यांना योग्य मार्गदर्शन मिळेल हे बघणं शाळेवर बंधनकारक आहे. आर्थिक संकटानंतर २०१२ च्या अंदाजपत्रकात सरकारने मार्गदर्शनासाठी वेगळे मिळणारे शिक्षक-तास काढून घेतले आणि शाळांना सांगितलं की नेहमीच्या शिक्षकसंख्येतूनच भागवा. कायद्यातला शब्द हलला नाही. मार्गदर्शक समुपदेशकांना मात्र आपल्या विषयाचे तास जास्त घ्यावे लागले आणि मुलांशी एकेकट्याने बोलण्याचा वेळ झपाट्याने घटला. काढलेले तास टप्प्याटप्प्याने परत देण्याची सुरुवात २०१६ मध्ये झाली. मधल्या चार वर्षांत माध्यमिक शाळेतून बाहेर पडलेल्या मुलांना ते तास कुणी देऊ शकत नाही.

इंग्लंडमध्ये जवळजवळ त्याच सुमारास वेगळी चूक झाली. सप्टेंबर २०१२ पासून व्यवसाय मार्गदर्शनाची कायदेशीर जबाबदारी शाळांवर टाकण्यात आली आणि तिच्यासोबत पैसा दिला गेला नाही. जानेवारी २०१३ मध्ये संसदेच्याच शिक्षण समितीने या बदलाबद्दल खेद व्यक्त केला आणि मार्गदर्शनाचा दर्जा व निःपक्षपातीपणा यांबद्दल चिंता मांडली. निःपक्षपातीपणाचा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. मुलं टिकली तरच शाळेला अनुदान आणि पदं टिकतात. अशा वेळी ‘तुझ्यासाठी दुसरीकडचा तंत्रशिक्षणाचा अभ्यासक्रम बरा’ असं सांगणारा मार्गदर्शक शाळेला परवडत नाही. मार्गदर्शकाची निष्ठा मुलाशी असली पाहिजे, पटसंख्येशी नाही. म्हणून त्याच्या कामाचं मूल्यमापन करण्याचा अधिकार एकट्या मुख्याध्यापकांकडे असू नये, असं मला वाटतं.

आता शिस्तीकडे येतो. सगळ्यांत जास्त नुकसान इथे होतं. वर्गात मारामारी झाली, मोबाइल सापडला, कुणी शिवी दिली, की ‘जा समुपदेशकांकडे’. पाठवणाऱ्या शिक्षकाचा हेतू चांगला असतो. पण वर्गातल्या बाकीच्या मुलांनी त्यातून काय ओळखायचं ते ओळखलेलं असतं: त्या खोलीत गुन्हेगार जातात. मग रात्र रात्र झोप न येणारा, घरी मार खाणारा, स्वतःला इजा करून घेणारा मुलगा तिकडे फिरकत नाही. केनियाने २००१ मध्ये शाळांतल्या छडीवर बंदी घातली. बंदी योग्यच होती. पण जिथे जिथे छडी जाते तिथे तिथे तिच्या रिकाम्या जागेवर समुपदेशनाला बसवण्याचा मोह होतो, आणि तो टाळायलाच हवा. शिक्षा न करता शिस्त कशी राखायची, हे सगळ्या शिक्षकांनी शिकण्याचं काम आहे. ते समुपदेशकाकडे ढकललं की शिक्षक शिकत नाहीत आणि समुपदेशकाकडे कुणी मन मोकळं करत नाही.

काही ठिकाणी समुपदेशकालाच शिस्त समितीवर बसवतात. हे तर मुळीच होऊ नये. सकाळी ज्याच्यासमोर मूल रडलं, त्याच माणसाने दुपारी त्याला निलंबित करायच्या कागदावर सही करायची, हे मुलाच्या बाजूने बघितलं तर विश्वासघाताशिवाय दुसरं काही नाही. समुपदेशकाने समितीला एवढंच सांगावं की या मुलाला मदत सुरू आहे. तेही मुलाला आधी विचारून.

गोपनीयतेवर मुख्याध्यापकांचा आणि पालकांचा एक रास्त आक्षेप असतो. मुलं अल्पवयीन आहेत, जबाबदारी आमच्यावर आहे, मग आमच्यापासून लपवणार कसं? उत्तर असं की लपवायचं नाही, पण ठरवायचं आहे, आणि आधी ठरवायचं आहे. मुलाच्या जिवाला धोका, दुसऱ्या कुणाला धोका, किंवा कुणाकडून होणारा अत्याचार, या तिन्ही गोष्टी कळल्या की समुपदेशकाला गप्प राहता येत नाही. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये टॅरासॉफ खटल्यात रुग्णाकडून दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर उपचार करणाऱ्याने त्या व्यक्तीच्या संरक्षणासाठी पावलं उचलली पाहिजेत, असं ठरवलं, आणि तेव्हापासून गोपनीयतेच्या मर्यादेची चर्चा या व्यवसायात जगभर झाली आहे. या मर्यादा मुलाला पहिल्या भेटीत, पहिल्या पाच मिनिटांत, त्याला समजेल अशा भाषेत सांगायला हव्यात. त्यानंतर त्याने काय बोलायचं ते त्याचं त्याने ठरवावं. मुलं या बाबतीत मोठ्यांना वाटतं त्यापेक्षा फार समंजस असतात. त्यांना डोळस भरवसा चालतो. फसवणूक चालत नाही.

या तीन गोष्टी सोडल्या तर बाकीचं सगळं खोलीतच राहिलं पाहिजे. कुणावर प्रेम बसलं, बापाशी पटत नाही, अमुक शिक्षक वर्गात अपमान करतात, कोणती शाखा घ्यायची नाही, हे मुख्याध्यापकांना कळण्याची गरज नाही. त्यांना कळायला हवं ते एवढंच: या महिन्यात किती मुलं आली, कोणत्या इयत्तेतून आली, साधारण कोणत्या प्रकारच्या अडचणी वाढताहेत. नावाशिवायची ही माहिती शाळा चालवायला फार उपयोगी पडते. एकाच तुकडीतली बरीच मुलं एकाच विषयाच्या तासाआधी पोट दुखतं म्हणून बाहेर येत असतील, तर प्रश्न मुलांच्या पोटात नाही हे मुख्याध्यापकांच्या लक्षात यायला हवं.

वेल्सचा अनुभव इथे सांगायलाच हवा. तिथे एका शाळेच्या संदर्भातल्या लैंगिक अत्याचाराच्या तक्रारींची चौकशी बाल आयुक्तांनी केली. क्लिवुख चौकशी म्हणून ती ओळखली जाते. तिचा अहवाल २००४ मध्ये आला. मुलांना विश्वासाने बोलता येईल अशी समुपदेशनाची राष्ट्रीय व्यवस्था हवी, हा आग्रह त्यातून पुढे आला, आणि २०१३ च्या कायद्याने स्थानिक प्राधिकरणांवर अकरा ते अठरा वयाच्या मुलांसाठी स्वतंत्र समुपदेशन पुरवण्याचं बंधन आलं. यातला ‘स्वतंत्र’ हा शब्द मोठी किंमत मोजून आलेला आहे. अत्याचार करणारा माणूस शाळेतलाच असेल, तर ज्याची वेतनवाढ आणि गोपनीय अहवाल त्याच शाळेच्या हातात आहे त्याच्यापाशी मूल कसं बोलेल? आणि बोललंच, तर तो माणूस ते वर कसं नेईल? समुपदेशकाला शाळेबाहेरच्या अधिकाऱ्याशी थेट संपर्क साधायची वाट हवी. ती वाट असल्याचं शाळेतल्या प्रत्येक मुलाला माहीत हवं.

माणसं आणायची कुठून, हा पुढचा प्रश्न. फिलिपीन्सने २००४ मध्ये कायदा करून समुपदेशकांसाठी पदव्युत्तर पदवी आणि परवाना बंधनकारक केला. दर्जा राखण्याचा हेतू उत्तम. पण पगार त्या पात्रतेला साजेसा ठेवला नाही, आणि सरकारी शाळांतल्या हजारो जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहिल्या. शेवटी २०२४ मध्ये नवा कायदा करून पदवीधरांसाठी सहायक समुपदेशकाचं पद निर्माण करावं लागलं. उंच पात्रता आणि कमी पगार यांची जोडी म्हणजे कागदावरची सेवा. त्याच्या उलट टोकाला ‘कुणीही प्रेमळ शिक्षक चालेल’ हा विचारही तितकाच धोक्याचा आहे. प्रेमळ शिक्षक ऐकून घेतात, धीर देतात, ते अमोल आहे. पण आत्महत्येचा विचार बोलून दाखवणाऱ्या मुलाला पुढचा प्रश्न कोणता विचारायचा, त्याला एकटं सोडायचं की नाही, घरी कुणाला आणि काय कळवायचं, हे शिकूनच कळतं.

मला पटणारी रचना थरांची आहे. पहिल्या थरावर वर्गशिक्षक. रोज हजेरी घेताना कोण गप्प झालं, कोण अचानक मागच्या बाकावर गेलं, हे त्यांनाच दिसतं. त्यांना उपचार शिकवायचे नाहीत. ओळखायला, दोन वाक्यं नीट बोलायला आणि पुढे पाठवायला शिकवायचं. दुसऱ्या थरावर शाळेतला प्रशिक्षित समुपदेशक. तिसऱ्यावर शाळांच्या गटासाठी किंवा तालुक्यासाठी तज्ज्ञांचं केंद्र. दक्षिण कोरियाने २००८ पासून ‘वी’ प्रकल्पात शाळेतला समुपदेशन वर्ग, शिक्षण कार्यालयातलं केंद्र आणि त्याहून जास्त मदत लागणाऱ्या मुलांसाठी वेगळी शाळा अशी तीन पायऱ्यांची मांडणी केली. जपानमध्ये १९९५ पासून शाळांत समुपदेशक पाठवले जाऊ लागले, पण ते बहुधा ठरावीक दिवशीच येतात. रोजच्या रोज मुलांना दार उघडं असतं ते आरोग्य कक्षातल्या शिक्षिकेचं. डोकं दुखतंय म्हणून तिथे जाता येतं, कुणी काही विचारत नाही, आणि बसल्या बसल्या खरं दुखणं बाहेर येतं. ज्या दारावर समस्येची पाटी नाही त्या दारातून मूल सहज आत जातं. आपल्या शाळेत असं दार कोणतं, ते प्रत्येक मुख्याध्यापकाने शोधायला हवं. कुठे ते ग्रंथालय असेल, कुठे क्रीडाशिक्षकांचं साहित्याचं दालन.

या सगळ्याचा उपयोग तरी होतो का, असं विचारणारे लोक आहेत, आणि त्यांना उडवून लावू नये. ब्रिटनमध्ये ८५ शाळा आणि ८ हजारांहून अधिक मुलं घेऊन माइंडफुलनेसच्या, म्हणजे मन चालू क्षणावर ठेवण्याच्या सरावाच्या, वर्गांची मोठी चाचणी झाली. २०२२ मध्ये निष्कर्ष आले. शाळांत नेहमी चालणाऱ्या सामाजिक-भावनिक शिक्षणापेक्षा या वर्गांचा जास्त फायदा दिसला नाही. सगळ्यांना एकच तंत्र सरसकट शिकवून मनं सुदृढ होतील, ही आशा त्याने खोटी ठरवली. दुसरीकडे लंडनमधल्या १८ माध्यमिक शाळांत ३२९ मुलांवर झालेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्या मुलांना प्रशिक्षित समुपदेशकाबरोबर जास्तीत जास्त दहा बैठका मिळाल्या आणि त्यांचा मानसिक त्रास इतरांपेक्षा कमी झाला. परिणाम माफक होता. तो फुगवून सांगण्यात अर्थ नाही. पण ज्याला त्रास आहे त्याला प्रशिक्षित माणसाचा सलग वेळ मिळाला तर फरक पडतो, एवढं त्यातून निघतं.

पुढच्या शिक्षणाबाबतचा पुरावा मला जास्त भक्कम वाटतो. मॅसॅच्युसेट्समधल्या अनेक शाळांत आडनावाच्या आद्याक्षरावरून मुलं समुपदेशकांना वाटून दिली जातात. म्हणजे कुणाला कोण मिळणार हे जवळपास नशिबावर ठरतं. संशोधक क्रिस्टीन मुलहर्न यांनी या वाटपाचा अभ्यास केला तेव्हा दिसलं की चांगला समुपदेशक मिळाल्याने शालान्त शिक्षण पूर्ण होण्यात आणि महाविद्यालयात जाण्यात पडणारा फरक चांगल्या शिक्षकामुळे पडणाऱ्या फरकाच्या तोडीचा आहे. मागे पडलेल्या आणि गरीब घरांतल्या मुलांना तो जास्त जाणवतो. ज्याच्या घरात अर्ज कसा भरायचा हे सांगणारं कुणी नाही त्याला शाळेतला हा एकच माणूस असतो. त्याच अभ्यासाने हेही दाखवलं की फक्त मुलांची संख्या कमी करून जेवढं साधतं त्यापेक्षा समुपदेशक कसा आहे यावर जास्त अवलंबून आहे. म्हणून संख्येचं गुणोत्तर मागताना प्रशिक्षणाची आणि देखरेखीची मागणी मागे राहता कामा नये.

याच कारणाने भावनिक समुपदेशन आणि व्यवसाय मार्गदर्शन यांची दोन वेगळी दुकानं करायला माझा विरोध आहे. दहावीनंतर काय, हा प्रश्न घेऊन आलेल्या मुलाच्या तोंडून तिसऱ्या मिनिटाला घरातलं कर्ज, आईचं आजारपण किंवा ‘मला काहीच जमत नाही’ हे बाहेर पडतं. अभिक्षमता चाचणीचा तक्ता हातात देऊन त्याला परत पाठवलं तर चाचणीचा खर्च वाया गेला असं समजावं.

काम मोजायचं कसं? आज बहुतेक ठिकाणी बैठकांची संख्या मागतात, आणि मग नोंदवह्या भरतात. फिनलंडचा २०१३ चा विद्यार्थी कल्याण कायदा वेगळं मोजतो. मुलाने शाळेच्या मानसशास्त्रज्ञाला किंवा सामाजिक कार्यकर्त्याला भेटायचं म्हटलं तर कामाच्या सात दिवसांच्या आत भेट झालीच पाहिजे, आणि तातडीचं असेल तर त्याच किंवा दुसऱ्या दिवशी. हे मापक मला फार आवडतं. ते मुलाच्या बाजूने मोजतं, कुणालाही तपासता येतं, आणि पाळायचं असेल तर समुपदेशकाचा वेळ मोकळा ठेवावाच लागतो. कोणत्याही राज्याने, कोणत्याही जिल्ह्याने उद्यापासून हे मोजायला सुरुवात करावी. त्याला पैसे फार लागत नाहीत. सात दिवस पाळले गेले नाहीत तर कारण लिहायचं, आणि कारणांत ‘बदली तास’ किती वेळा येतं ते सहा महिन्यांनी बघायचं.

एका माणसाबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही, तो म्हणजे स्वतः समुपदेशक. शाळेत तो एकटा असतो. त्याच्या विषयाचा दुसरा माणूस तिथे नसतो. ऐकलेलं कुणाला सांगता येत नाही, आणि घरी नेऊन पेलवत नाही. एखाद्या मुलाने जीव दिला तर दुसऱ्या दिवशी सगळी शाळा त्याच्याकडे बघते: मुलांना धीर द्या, पालकांशी बोला, शिक्षकांना सांभाळा. त्याच्या मनात एकच प्रश्न घुमत असतो, की माझ्या हातून काय सुटलं. या व्यवसायात जुन्या जाणत्या समुपदेशकासमोर नियमित बसून आपली प्रकरणं मांडण्याची रीत आहे. खाजगी व्यवसायात ती पाळली जाते. सरकारी शाळेत तिला वेळही नसतो आणि तरतूदही. महिन्यातून एक अर्धा दिवस शेजारच्या शाळांच्या समुपदेशकांनी एका ज्येष्ठाबरोबर बसायचं, तो दिवस कर्तव्यावरचा धरायचा, प्रवासखर्च द्यायचा, आणि जूनमध्ये वेळापत्रक आखतानाच त्या दिवशी त्यांच्या नावापुढे दुसरं काही लिहायचं नाही, एवढं खात्याच्या एका परिपत्रकाने होऊ शकतं.